मेघनाच्या वाटची खीर

खोटं सांगून मला काय मिळणार?

हे माझ्याच घरात झालं. डिलाईल रोडच्या चाळीत, यंदाच्या अविधवा नवमीला, भर दुपारी.

मी अनुजा. रघुवीरची दुसरी बायको. पहिली मेघना लिव्हरच्या आजाराने गेली. तिला प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शनं चालू होती. त्यांनी म्हणे माणूस उदास होतो. तिने गोड सोडलं, बोलणं सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची.

मला कसं माहीत? आमच्या ह्यांना तिच्याशिवाय दुसरा विषयच नाही.

हे परळच्या एका लॅबमध्ये उंदरांची देखभाल करतात. तिथे उंदरांना तसलीच इंजेक्शनं देऊन बघतात. पिंजऱ्यात दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेवर तुटून पडतो. इंजेक्शनवाला ढुंकूनही बघत नाही.

त्यातला एक ह्यांनी पिंजरा-बाटल्यांसकट घरी आणला. इंजेक्शन न दिलेला. काम संपलं की मारून टाकतात, आणि ह्यांना ते बघवेना. तो सदा साखरेच्या बाटलीला चिकटलेला. टक् टक् टक्, दिवसभर नळीचा आवाज.

नवमीला मेघनाचं पान मीच वाढलं. खिरीत मुद्दाम मूठभर साखर जास्त. म्हटलं बघ, तुझ्यापेक्षा मी काही कमी नाही.

गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला. वडा उचलला, भात उचलला...

खिरीला चोच लावली नाही.

"मेघना शेवटी गोड खायचीच नाही गं," हे म्हणाले. डोळे भरलेले. माझा नुसता जळफळाट.

आम्ही खाली आलो. घरात टक् टक् नव्हती...

उंदीर कोपऱ्यात बसलेला. भिंतीकडे तोंड करून.

"याला तर एकपण इंजेक्शन दिलं नाय," हे पुटपुटले. "आणि मेघनासारखा बसलाय बघ."

मग पिंजऱ्याला टेकून त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसले. काय झालं राजा, जरासं पी ना. मला ताप आला होता तेव्हा हाच माणूस उशाशी गोळी ठेवून ड्युटीला गेला होता.

माझं डोकं फिरलं. तडक गच्चीवर गेले आणि तिच्या पानातली खीर खाल्ली. सगळी. बोटं चाटून. घर माझं, नवरा माझा, खीरही मीच केलेली.

पण...

गोडच लागेना. पीठ कालवून खावं तसं.

जिना उतरताना आवाज आला... टक् टक् टक्.

उंदीर साखरेचं पाणी ढोसत होता.

"अनुजा, प्यायला बघ..." हे हसत वळले. मग चेहरा उतरला.

"तू तिथे काय करतेयस?"

मी कोपऱ्यात बसले होते. भिंतीकडे तोंड करून. कधी बसले, खरंच आठवत नाही.

डॉक्टर झाले. रिपोर्ट सगळे नॉर्मल. तेव्हापासून कशातच गोडी लागत नाही. पण हे आता लवकर घरी येतात. शेजारी बसतात, केस विंचरून देतात. उंदराकडे बघतही नाहीत. ह्याच्यासाठीच तर माझा जीव तुटत होता.

काल भरवताना म्हणाले, "एकच घास, मेघना."

मी तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी ओ दिली...

घरात आम्ही दोघंच होतो.

आपण कुणाचं नाव घेतलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही चूक दाखवली नाही. इतक्या मायेने "अनुजा" ते कधी म्हणालेच नव्हते.