चौकाची चौथी मोजणी

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर बसलो, तेव्हा धाकट्याने विचारलं, "काका, आज खरी गोष्ट की थापा?"

"खरी. आमच्या मोजणी खात्यातल्या लंबूची. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार, रात्रीचे अडीच."

मी उगाच जिन्याच्या दाराकडे पाहून घेतलं.

मुख्य चौकाचा नकाशा साहेबांनी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा चुकला, तर लंबूची नोकरी कायम होणार नव्हती. दिवसभर तिथं गाड्या उभ्या, म्हणून मोजणी रात्री. त्यात मदतनीस ऐनवेळी आजारी. लंबूने टेपची कडी खिळ्याला अडकवली नि एकटाच निघाला.

चौसष्ट मीटर. जुन्या नोंदीत बासष्ट.

पुन्हा मोजलं. चौसष्टच.

"मेटाकुटीला आला बिचारा," काका म्हणाले. "टेपच्या कडेने मागे चालत आला, तर मधोमध टेप वाकलेली. मोकळ्या जमिनीवर, कशाला तरी वळसा घालून. तिथं पूर्वी विहीर होती. अख्खं गाव जमायचं, भांडणं व्हायची, तिथंच मिटायची. ती बुजवून बाजार भरवला. बाजार उठवून सभेचा ओटा बांधला. ओटा पाडून पार्किंग."

लंबूने टेप सरळ केली. टोकाला जाऊन ताणली. वळून पाहिलं…

पुन्हा वळसा.

असं पाचदा. शेवटी तो रिकाम्या चौकावरच खेकसला, "अहो, सरका ना जरा. माझी नोकरी जातेय इथं."

टेप सैल पडली. मग सरळ झाली.

बासष्ट.

त्याने आकडा लिहिला. टेप गुंडाळायला घेतली. येईना. पलीकडून ताण होता. त्याने टॉर्च मारला. खिळा रिकामा. कडी खिळ्याच्या वर, कमरेइतक्या उंचीवर…

हवेत.

काका थांबले.

"मग?" धाकटा माझ्याजवळ सरकला.

"मग काय. टेप टाकली, वही घेतली नि पळाला."

सकाळी साहेबांनी वही पाहिली. "आलं ना एकदाचं बासष्ट? उगाच महिनाभर डोकं खाल्लंस."

लंबू चाचरत म्हणाला, "साहेब, मदतनीसाची सही तेवढी राहिलीय."

"राहिली कुठं? अंगठा आहे की. चालतो."

मोकळ्या सोडलेल्या चौकटीत चिखलाचा अंगठा उमटला होता.

लंबू कायम झाला. वही हल्ली काकांच्या टेबलात असते. ते पान, काका म्हणतात, अजून वाळलेलं नाही.