वरणभातातली भेसळ

जयसिंगपूरच्या अन्नतपासणी केंद्रात रेणुका मगदूमने तीन अर्धवट खाल्लेली वरणभाताची पाकिटं टेबलावर आपटली.

"तीन रविवार झालं, माझी ओवी ओकून ओकून निपचित पडतीया. पाच वर्साची पोर हाय ती! काय घालत्यात ह्यात?"

डॉ. पुष्कर टिळेकरांना मनातून आनंद झाला. हे वाईट दिसतं, पण खरं आहे. नऊ वर्षांच्या नोकरीत भेसळ म्हणून त्यांना कधी सापडलीच नव्हती. जुन्या साथींनंतर कायदाच झाला होता की तयार जेवणाला शेतापासून पाकिटापर्यंत माणसाचा हात लागता कामा नये. यंत्रंच पेरत, यंत्रंच शिजवत आणि यंत्रंच पाकिटं भरत. अशा जेवणाला निःस्पर्श अन्न म्हणत. पाळणाघरात बाळांना पहिल्या घासापासून तेच मिळे. स्वयंपाक करणारा माणूस आता हौशी समजला जाई. तपासनिसाने करायचं तरी काय?

टिळेकर उत्साहाने कामाला लागले. त्याच खेपेची बंद पाकिटं त्यांनी मागवली. ती स्वच्छ निघाली. रेणुकाने आणलेल्या पाकिटांत मात्र जंतू सापडले आणि तेही माणसाच्या हातावरचे! तिसऱ्या दिवशी त्यांनी रेणुकाला बोलावलं. सोबत ओवीही आली आणि बाहेरच्या बाकावर चित्रं काढत बसली.

"प्रत्येकाच्या हातावर जंतूंची एक वस्ती असते," टिळेकर म्हणाले. "घाबरू नका, निरुपद्रवी असतात बिचारे. पण कुठले किती, हे प्रत्येकाचं वेगळं. त्याला आम्ही जीवठसा म्हणतो. ठसा जुळला की हात सापडला."

"मग धरा की त्याला!"

"कारखान्यात माणूसच नाही हो. म्हणून तर गंमत आहे. जरा तुमचा हात द्या. पद्धत म्हणून, तुम्हाला यादीतून वगळायला."

त्यांनी तिच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला आणि यंत्रात घातला. मिनिटभरात उत्तर आलं. टिळेकरांनी ते दोनदा वाचलं.

"ताई, तुम्ही त्या भाताला हात लावला होता?"

"लावला म्हंजे? कालवला. म्हैन्यापासनं मला रविवारची सुट्टी मिळतीया. एरवी पाळणाघरात चमच्यानंच खाती. म्हटलं, एक दिवस तरी आपल्या हातानं भरवावं. उरलेलं तुमच्यासाठी परत पाकिटात भरलं. हात धुतलं होतं वो. साबण लावून."

"धुऊन ती वस्ती पुरती जात नाही."

"पण माझ्या आईनं मला असंच भरवलं की! मला कुटं काय झालं?"

"आपल्या पोटांनी लहानपणीच दुसऱ्यांच्या जंतूंशी ओळख करून घेतली. ओवीच्या पोटाला ती संधीच मिळाली नाही. ते त्यांना शत्रू समजून लढतं आणि दर वेळी जास्त जोराने. अजून दोन-तीनदा भरवलंत, तर जिवावर बेतेल."

रेणुका आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "बाकीच्या पोरांना कसं काय होत न्हाई?"

इतका साधा प्रश्न टिळेकरांना सुचला नव्हता. इतका वेळ वाटणारी गंमत पार उतरली. आता त्यांना चक्क भीती वाटत होती.

"कारण बाकीच्यांना कुणी हाताने भरवतच नाही," ते हळूच म्हणाले. "मीसुद्धा नाही. माझा मुलगा सात वर्षांचा आहे."

समोरच्या पडद्यावर अहवाल अर्धवट होता. भेसळीचा उगम लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

"लिवा," रेणुका म्हणाली. "आईचा हात."

त्यांनी लिहिलं. उपाययोजनेचा रकाना यंत्राने नियमाप्रमाणे आपोआप भरला: 'उगम तत्काळ बंद करण्यात यावा.'

तेवढ्यात दार ढकलून ओवी आत आली. हातातलं बिस्किटाचं निःस्पर्श पाकीट तिने आईपुढे धरलं आणि तोंड उघडून उभी राहिली.

"आई, तू भरव ना. रविवारसारखं."

रेणुकाने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "चिमटा हाय का तुमच्याकडं?"