सुकेळ्यांना चांगलं म्हणू नये

"वा! काय एक नंबर सुकेळी झालीत हो! आख्ख्या आगाशीत असा माल नसंल!"

फाटकातून आत आलेल्या त्या मुलानं हे एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की अंगणातली माणसं जागच्या जागी थिजली. दिशाच्या आईच्या, सुनंदाच्या हातात अर्धवट सोललेलं केळं तसंच राहिलं. आणि बांबूच्या तट्ट्यांजवळ बसलेल्या अप्पांनी, म्हणजे दिशाच्या आजोबांनी, चष्म्यावरून असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर आल्या पावली परत गेला असता.

हा कसला जातोय! उभा राहिला हसत. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कपाळाला घामानं चिकटलेले केस, आणि दात असे पांढरेशुभ्र... दिशाला आधी राग आला आणि मग दात दिसले. याच क्रमानं, असं ती अजूनही शपथेवर सांगते.

"कोण हवंय?" तिनं विचारलं.

"पाटलांची वाडी हीच ना? बहिणीचं लग्न आहे, पत्रिका द्यायचीय."

"ती पलीकडची. आणि ऐका — सुकत घातलेल्या मालाला चांगलं म्हणायचं नसतं. नजर लागते."

"मग काय म्हनायचं?"

"बरी आहेत, असं म्हणायचं."

"एवढी भारी असून?"

"भारी असतात म्हणूनच!"

आता या घरातला हा नियम अप्पांचा, आणि अप्पांच्याही आधीचा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची, रोज परतायची, संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत निजवायची, तेव्हा कुठे त्यांची सुकेळी होतात. एवढं सगळं करून पुन्हा उन्हाचा भरवसा नाही. म्हणून माल विकून हातावेगळा होईपर्यंत त्याचं कौतुक करायचं नाही. कुणी विचारलंच तर मान हलवायची आणि म्हणायचं, "ठीक आहे, बरी झालीत." दिशा हे ऐकतच मोठी झाली होती. बारावीला तालुक्यात पहिली आली तेव्हाही घरचे लोकांना म्हणाले होते, "बरे पडले मार्क."

आणि बघा तर खरं, त्या मुलाचे शब्द हवेत विरतायत न विरतायत तोच समुद्राकडून काळं आभाळ चढलं. डिसेंबरातलं अवकाळी! टपोरे थेंब तडतडायला लागले. अप्पा नुसतं "झालं!" म्हणाले. त्या एका शब्दात सगळं आलं.

"बघत काय उभे राहिलात?" दिशा ओरडली. "उचला!"

त्यानं पत्रिका ओट्यावर भिरकावल्या आणि एक तट्टी डोक्यावर घेतली. "नेऊ कुठं?"

दिशा क्षणभर थबकली. मग म्हणाली, "मागे. माझ्या खोलीत."

घरामागे तिनं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून एक सुकवणखोली उभी केली होती. वर काळे रंगवलेले पत्रे, खालून गरम हवा खेचणारा पंखा, आत कप्पेच कप्पे. अप्पांनी त्या खोलीत आजवर एकही केळं ठेवू दिलं नव्हतं. "उन्हाची चव पंख्याला येत नाही," म्हणायचे. आज इलाजच नव्हता. दोघांनी पळत पळत तट्ट्या आत नेल्या. शेवटची आत गेली तेव्हा तो पार निथळत होता, आणि तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. त्यानं ते पाहिलं. तिनं त्याला पाहताना पाहिलं... आणि उगाचच पंख्याचं बटण दोनदा दाबलं.

"कोनी बनवलं हे?" त्यानं चहूकडे बघत विचारलं.

"आहे... असंच."

"असंच? पावसात अळंबी उगवतात तसं उगवलं काय?"

तिला हसू आलं. "मी बनवलंय. ठीक आहे, बरं चालतं."

"बरं!" तो म्हणाला. "तुमच्या घरात कोनी कोनाला कधी चांगलं म्हनतं का नाय?"

माल वाचला. सगळाच्या सगळा.

तो कल्पेश. घर चंदनसारला, वडिलांचा पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना वालीवला. स्वतःही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पण कॉलेज वेगळं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. म्हणे, "त्या दिवशी तुमचा पंखा घरघरत होता. म्हटलं, बघावा." त्याच्या पुढच्या रविवारी पत्रा नीट बसलाय का ते बघायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सुनंदानं विचारलंच, "आज काय घरघरतंय?"

"आज चहा प्यायला आलोय, काकी," तो बिनदिक्कत म्हणाला. दिशा घाईनं आत पळाली. कान लाल झालेले कुणाला दिसायला नकोत ना!

एकदा कप्पे पुसता पुसता तिनं त्याला ते सांगितलं. घराबाहेर कुणालाच न सांगितलेलं. तिनं एका मोठ्या बिझनेस स्कूलला अर्ज केला होता. इंजिनिअरिंग संपायच्या आत अर्ज करायचा, निवड झाली की ते जागा राखून ठेवतात. आधी दोन वर्षं नोकरी करायची आणि मग शिकायला जायचं. पण हा दरवाजा फक्त शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. एकदा पदवी हातात पडली की तो बंद. अर्जासोबतचा निबंध पसंत पडला होता. आता मुलाखत होती, व्हिडिओवर.

"मग काय! तुझं फिक्स!"

"नाही रे. मला स्वतःबद्दल बोलताच येत नाही."

"मी घेतो तुझी मुलाखत," कल्पेशनं उलट्या बादलीवर बैठक मारली आणि आवाज जाड केला. "हां, मिस दिशा! तुमी आजवर काय मोठं केलंत?"

"तसं विशेष काही नाही... एक सुकवणखोली आहे, बरी चालते..."

"फेल! पुन्हा."

"घरच्यांच्या मदतीनं थोडंफार..."

"फेल! तुझ्या घरचे तर या खोलीच्या दारात उभे राहत नव्हते! अगं, तो माल कोनी वाचवला?"

"वाचला. नशीब."

"दिशा!" आता त्याचा आवाज खराच चढला. "नजर लागंल म्हनून आयुष्यभर लपून ऱ्हायचं काय? तू भारी आहेस, हे तू नाय सांगनार तर त्यांना कळनार कसं?"

मुलाखतीच्या धास्तीनं ती आधीच चिडलेली होती. तोंडून जाऊ नये ते गेलं. "मला नाही जमत तुमच्यासारखं! तुमच्यात हळदीला डीजे लावून आख्ख्या गावाला ऐकवतात. आमच्यात नाही अशी ढोल बडवायची रीत!"

कल्पेशचं हसू मावळलं. तो बादलीवरून उठला.

"हो, वाजवतो आम्ही," तो हळू म्हणाला. "माझ्या आज्यानं खाडीचं पानी अडवून शेत केलं. त्याला कोनी कधी चांगलं म्हटलं नाय, दिशा. मग आम्हीच आमचं वाजवायला शिकलो."

आणि तो गेला. पुढचा रविवार आला नि गेला. पंखा आता मुळीच घरघरत नव्हता, याचाच दिशाला भयंकर राग येत होता. फोन हातात घ्यायची, "सॉरी" लिहायची आणि खोडायची. एवढ्याशा शब्दानं भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

मुलाखतीच्या दिवशी ती इस्त्रीचा कुडता घालून लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावरच्या बाई गोड हसल्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. कॉलेज, अभ्यास, पुढचे बेत... सगळं बरं चाललं होतं. नुसतं बरं! तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमची ती सुकवणखोली दाखवता का?"

दिशा लॅपटॉप उचलून मागे गेली. दार ढकललं आणि बघते तर काय... आत अप्पा! बाहेर धुकट हवा होती, म्हणून स्वतःहून माल आत घेतला होता आणि केळी परतत बसले होते.

"ही खरंच चांगली आहे का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. "की कॉलेजच्या मार्कांपुरती?"

समोर सुकत घातलेला माल. शेजारी अप्पा. जिभेवर तेच आलं... ठीक आहे, बरी चालते. मग तिला बादलीवर बसलेला तो आठवला. त्याचा पडलेला चेहराही आठवला.

"चांगली आहे," ती म्हणाली. इंग्रजीत, पण खणखणीत. "उत्तम आहे. मी एकटीनं बांधली. हिनं अवकाळी पावसात आमचा सगळा माल वाचवला, आणि आगाशीतल्या प्रत्येक वाडीत अशी एक उभी करायची माझी तयारी आहे."

अप्पांचा हात थांबला. त्यांना इंग्रजी फारसं येत नसे, पण नातीचा सूर त्यांना कळला. ते उठले, धोतराला हात पुसले आणि थेट पडद्यासमोर आले.

"बाई," अप्पा मराठीतच म्हणाले, "माझी नात फार हुशार आहे. या खोलीला मी नावं ठेवली, ते माझं चुकलं. केळी फार सुंदर सुकतात हिच्यात."

सुकत्या मालासमोर! अप्पा! दिशाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पडद्यावरच्या बाईंना मराठी किती समजलं कोण जाणे, पण त्या लिहायचं थांबवून अप्पांकडेच बघत राहिल्या होत्या.

निकाल लागला त्या दुपारी दिशानं आईला मिठी मारली, अप्पांच्या पाया पडली आणि सरळ स्कूटर काढली. सुनंदानं विचारलं, "अगं, कुठे?" तर म्हणाली, "वालीवला." सुनंदानं हेल्मेट तेवढं तिच्या हातात दिलं. आया उगाच आया नसतात.

कारखान्यात पत्रा कापायचा एवढा खणखणाट होता, की दारात ती उभी आहे हे कुणाला कळेना. कल्पेशनं मान वर केली आणि हातातला पाना खाली ठेवायचाच विसरला.

"मशीन बंद कर," तिनं खुणेनं सांगितलं.

त्यानं बंद केलं. कामगार बघायला लागले. कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवणाचा डबा उघडून बसलेले त्याचे वडीलही बघायला लागले.

"त्या दिवशी मी फार वाईट बोलले," दिशा म्हणाली. "तुला आणि तुझ्या माणसांना. माफ कर. आणि मला जागा मिळाली, कल्पेश. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मी भारी आहे म्हणून!"

"मिळाली?" त्याचा चेहरा असा उजळला, की ती बघतच राहिली. "मिळाली! बाबा, ऐकलंत काय? एवढ्या मोठ्या बिझनेस स्कूलात जागा राखून ठेवलीय हिच्यासाठी! दोन वर्षं नोकरी करनार, मग शिकायला जानार. स्वतःच्या हातानं खोली बांधलीय हिनं, स्वतःच्या! ए, ऐकलंत का रे सगळ्यांनी?"

कारखानाभर त्याचा आवाज घुमला. या ढोलाचा आता दिशाला मुळीच राग आला नाही. उलट वाटलं, वाजू दे. माझ्यासाठी वाजतोय तो!

वडिलांनी शांतपणे घास गिळला. "ते समदं ऐकलं. पन ही पोरगी तुझी कोन?"

आणि काय गंमत! इतका बोलका कल्पेश, पण तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. कानाच्या पाळ्या लालभडक. दिशाकडे बघतो, पान्याकडे बघतो, पुन्हा दिशाकडे...

"अजून त्यानं विचारलेलं नाही, काका," दिशा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी खणखणीत. "विचारलं, तर मी हो म्हणणार आहे."

"विचारतो!" कल्पेश ओरडला. "थांब... विचारतो ना!"