निळ्या खडूचा गोल

असानाली उस्तादांना जाऊन सात महिने झाले होते, तरी कझिल-बेल घाटाखालच्या त्या गावात गाडी बिघडली की लोक म्हणायचे, "चल, उस्तादांकडे नेऊ." आणि यायचे मेदेरकडे. मेदेरला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटणार तरी कसं? वीस वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढलेली. काय कान होता महाराजा! रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे, दुसरं इंजिनावर फिरवायचे, डोळे मिटून. दोष सापडला की पान्याच्या दांड्याने तीनदा ठोकायचे, टक, टक, टक, आणि खिशातला शिंप्याचा निळा खडू काढून तिथे एवढासा गोल करायचे. दुरुस्ती झाल्याशिवाय तो गोल पुसायचे नाहीत. वीस वर्षांत एकही गोल चुकीच्या जागी पडला नाही.

त्या गुरुवारी दुपारी गावातला शायिरबेक आला, तो थंडीतही घामाघूम. मेदेरला तो बाइके म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ.

"मेदेर बाइके, गाडी दगा देतेय हो. सपाटीला हरणासारखी पळते आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर चढ लागला की जोरच जातो तिचा. मागून काळा धूर."

"तरी सांगत होतो तुला. तीन मालकांनी वापरलेली डिझेल गाडी घेतोस, तर आधी घाटात चालवून बघ. पण बाजारात तिचा रंग बघून भुललास!"

"टोमणे नंतर मारा. बायकोला, नुरझानला, आठवा महिना, रक्तदाब चढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच्या आज नारीनच्या इस्पितळात न्या. गावातल्या धड गाड्या वऱ्हाड घेऊन खाली गेल्यात. आणि संध्याकाळी बर्फ येतंय. घाट बंद झाला तर..."

मेदेरची मस्करी जागच्या जागी विरली.

त्याने बॉनेट उघडलं. हवेची जाळी काढली, स्वच्छ. डिझेलची जाळी नवी. बारीक नळ्या एकेक चाचपल्या, इंजिनात दाबाने हवा कोंबणाऱ्या टर्बोची दांडी हलवून पाहिली, लोण्यासारखी सरकली. तपासणीचं यंत्र जोडलं तर ते मेलं एवढंच सांगे, हवेचा दाब कमी. अरे, कमी आहे ते कळतंय रे बाबा, पण जाते कुठे हवा? उभ्या गाडीत कितीही पाय दाबला तरी इंजिन आपलं मांजरासारखं गुरगुरायचं. बिनओझ्याच्या इंजिनात टर्बोला दाब भरावा लागत नाही. दोष बोलणार तो चढावर, आणि चढावर धावत्या गाडीच्या बॉनेटखाली कान घालून बसणार कोण?

अंगणात बातमाने, त्याच्या बायकोने, कढई ठेवली होती. गुरुवारी तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, म्हणून ती बोर्सोक तळत होती. पिठाचे चौकोनी तुकडे टम्म फुगून सोनेरी होत होते. मेदेर हात पुसत आला, तिच्याशेजारी टेकला. दोघांनी ओंजळ धरून गेलेल्यांची नावं घेतली. शेवटचं नाव उस्तादांचं. आणि ते घेता घेता त्याच्या तोंडून निघून गेलं, "उस्ताद, एकदा या. एवढी एक गाडी ऐकून जा."

बातमाचा झारा थांबला. "अहो, हे काय बोललात? गेलेल्यांना वास द्यावा, दुवा द्यावी. कामाला बोलावू नये."

"चेष्टा केली गं."

"चेष्टा असली तरी निरोप द्या आधी. परत जा म्हणा. बोलावलेलं माणूस निरोपाशिवाय..."

पण तो उठलाही होता. अंगणातून रस्त्यापर्यंतचा तो एवढासा चढ, पण मध्येच थांबून त्याला श्वास घ्यावा लागला. हल्ली असंच व्हायचं. वय झालं, म्हणून तो सोडून द्यायचा.

शायिरबेकने गाडी घाटाला लावली. दुसऱ्या वळणानंतर धुकं उतरलं, दुधासारखं दाट, आणि दुपार असून दिवे लावावे लागले. तिसरं वळण आलं. चढ लागला. मेदेर कान देऊन बसला होता.

आधी आला वास. गरम तेलाचा.

टर्बोतून तेल गळतंय, त्याच्या मनात आलं. पण नाही. हा इंजिनाचा वास नव्हता. त्यात कणीक होती, दूध होतं... ताज्या बोर्सोकचा वास.

"बाइके, तुम्ही काही खायला आणलंय का?" शायिरबेकने हळूच विचारलं.

"नाही."

गाडीचा जोर गेला. काचेमागे काळा धूर पसरला. आणि बॉनेटखालून, धावत्या इंजिनाच्या आवाजातून अगदी स्वच्छ, सावकाश...

टक. टक. टक.

"कोण आहे आत...?" शायिरबेकचा पाय ब्रेकवर गेला होता.

"इंजिन बंद कर. आणि... बसून राहा."

मेदेर खाली उतरला. धुक्यात स्वतःचे हातही अंधूक दिसत होते. त्याने बॉनेट वर केलं, विजेरी मारली. टर्बोकडून येणाऱ्या जाड नळीच्या टोकाशी, खालच्या बाजूने, ती आवळणाऱ्या पट्ट्याच्या अगदी कडेला, एक निळा गोल होता. तेलकट रबरावर खडू उमटत नाही. कधीच नाही. पण उमटला होता.

त्याने तिथे अंगठा दाबला. रबर ओठासारखं उघडलं. आत बोटभर चीर, दाब आला की उघडणारी, दाब गेला की मिटून बसणारी. उभ्या गाडीत ती शंभर माणसांना सापडली नसती.

"वा, उस्ताद!" तो पुटपुटला. डोळे भरून आले त्याचे. भीती होतीच, पण तिच्या वर अभिमान होता. मातीत जाऊनही कान तसाच!

त्याने चिरलेलं टोक चाकूने कापलं, नळी ओढून पुन्हा बसवली, पट्टा आवळला. परतण्याआधी गाडी त्याच वळणावर मुद्दाम पुन्हा चढवून पाहिली, तर ती अशी उसळली की शायिरबेक हसला आणि हसता हसता रडायला लागला. तासाभरात नुरझान मागच्या सीटवर गोधडीत होती आणि गाडी घाटाच्या दिशेने दिसेनाशी झाली.

दिवेलागणीला बर्फ सुरू झालं आणि फोनही आला. पोचलो. वेळेत पोचलो. दोघंही सुखरूप, डॉक्टर म्हणतात.

बातमाने बोर्सोकची थाळी पुढे ठेवली. "निरोप दिलात का उस्तादांना?"

"देतो गं, देतो. आधी कोट तर काढू दे."

गळ्यापर्यंत बंद केलेल्या कोटाची बटणं त्याने सोडली. बातमाच्या हातातला चहाचा कटोरा तिथल्या तिथे थांबला. ती त्याच्या सदऱ्याकडे बघत होती. छातीच्या डाव्या बाजूला, एवढासा, नीट काढलेला निळा गोल.

मेदेरने तळहाताने पुसला. पुसला गेला नाही. आणि तळहाताखाली, आतून, सावकाश...

टक. टक. टक.