योहानाचा चौकोन

पहिल्या भेटीत त्याचा पाय माझ्या चुन्याच्या हौदात होता. बुटासकट, घोट्यापर्यंत.

"ओ साहेब, बूट काढा आधी," मी म्हणाले, "न्हाईतर कातडं जाईल."

त्यानं बूट काढला. मी कळशीभर पाणी पायावर ओतलं. मग दुसरी. तो पायाकडे बघतच नव्हता... माझ्याकडे बघत होता.

"अजून एक ओता."

"गेला की सगळा चुना."

"तरी ओता."

हा गोरक्ष. देवळाली प्रवराचा, ऊसवाल्या घरातला. जुन्या इमारती कशा जपायच्या ते शिकायला जर्मनीहून बारा विद्यार्थी नगरला आले होते, त्यांचा हा दुभाष्या. शहराबाहेर शेतात निजामशाहीतला एक घुमट आहे, त्याचा चुन्याचा गिलावा माझी आई, छबूबाई, दुरुस्त करते. तीस वर्षं झाली. भीमनगरातल्या बाईचा हात घुमटाला चालतो, पाटीवर नाव चालत नाही. आणि ह्या पोरांना महिन्याभरात सर्टिफिकेट. राग येतोच. पण त्या महिन्यात माझा सगळा राग त्यांच्यातली एकटी योहाना खात होती.

उंच, सारखी हसणारी. गोरक्ष, चुन्यात गूळ कशाला घालतात? गोरक्ष, हे फळ कसलं? एकदा तिच्या केसाला चुना लागला, तो त्यानं दोन बोटांनी काढला. मी लांबून पाहिलं आणि चुन्यात घालायचं बेलफळ ठेचतच राहिले.

"त्या फळानं तुझं काय वाकडं केलंय?" तो जवळ येऊन म्हणाला.

"जा तिकडं. तुझी मड्डम वाट बघतीय."

"मड्डम नाही. योहाना नाव आहे."

"नाव लई पाठ झालंय."

"तुझंही पाठ आहे की, जयमाला."

माझे कान तापले. पण तेवढ्यात तिकडून हाक आली — गोरक्ष! — आणि हा निघाला.

आईचा एक नियम आहे. नवा माणूस आधी सरावाच्या भिंतीवर दोन फुटांचा चौकोन लावतो. त्यावर ओलं गोणपाट, एकवीस दिवस, दिवसातून तीनदा पाणी. मग आई थापीच्या पाठीनं ठोकून बघते. आवाज भरीव आला तरच घुमटावर चढायचं. बारा चौकोन, खाली कोळशानं बारा नावं. पाणी मारायचं काम माझं.

शेवटच्या चौकोनाखाली लिहिलं होतं — योहाना.

त्याला मी पाणी मारलंच नाही. कुणाला कळू नये म्हणून गोणपाट तेवढं ओलं करायचे, वरवर. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. आणि गोरक्ष रोज विचारायचा, "सगळ्यांना मारलंस ना पाणी? शेवटच्याला पण?"

एवढी काळजी तिची! मग तर मी गोणपाटसुद्धा भिजवायचं सोडलं.

बाविसाव्या दिवशी आईनं ठोकायला घेतलं. अकरा चौकोन भरीव निघाले. बाराव्यावरचं गोणपाट काढलं तर भेगाच भेगा. थापी लागली आणि ढलपा आईच्या पायाशी पडला.

"योहाना, पोरी, हात कच्चा हाय तुजा," आई म्हणाली.

"तिचा नाही, मावशी," गोरक्ष म्हणाला. "माझा आहे. तिला त्या दिवशी ताप होता, तुम्ही घुमटावर होता, जयमाला बेलफळं आणायला राळेगणला गेलती. मी तिची जागा मागून घेतली, नाव तिचंच राहिलं."

"तू कशाला? तू तर बोलायच्या कामाला."

"तुमच्या हाताखाली शिकायचं होतं. भरीव निघाला तर ठेवून घ्याल का, विचारणार होतो." त्यानं ढलपा उचलला, उलटा करून बघितला. "राहू द्या. परवा ह्यांच्या गाडीनंच जातो मी."

तो वळला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्ता गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं... अगदी कुणालाच.

"आई, हात चांगला हुता त्याचा. पाणी मी मारलं न्हाई."

आईनं थापी खाली ठेवली. "का?"

"मला वाटलं तिचा हाय."

"मग तिच्याला का न्हाई?"

"ती... त्याच्याशी लई बोलती म्हनून."

बारा गोरी तोंडं गोरक्षकडे वळली. योहानानं इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली ती?

गोरक्षनं मान हलवली. "हे नाही सांगणार," तो मराठीतच म्हणाला. "हे माझं आहे."

आई माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता थापीच बसणार. "तीस वर्सात माझ्या भिंतीला असं कुनी केलं न्हाई," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "तुज्या घरी चालंल का रं, भीमनगरातल्या बाईच्या हाताखाली?"

"सांगून आलोय. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डबा भरून दिला."

आईनं थापी त्याच्या हातात दिली. "खरवड. परत लाव. अन् तू गं, एकवीस दिवस. मी मोजनार हाय."

त्यानं चौकोन खरवडला. मी योहानाचं नाव पुसलं, कोळशानं त्याचं लिहिलं. मग नवा गिलावा बसावा म्हणून भिंत भिजवायला घेतली. अर्धं पाणी त्याच्या पायावर गेलं.

"सॉरी," मी म्हणाले. "पायाला चुना न्हाई तुझ्या."

"तरी ओत," तो म्हणाला.