दोन तांब्यांची पेटी

रंजना गेली हे मला मंगळवारी दुपारी पावणेचारला कळलं. ती नक्की कधी गेली ते माहीत नाही.

नंदुरबारला रेल्वे लाइनच्या पलीकडे, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांना लागून आमचं घर आहे. पुढे पत्र्याचं शेड, मागे खोली, दोन्हींत एक चार इंची भिंत. खोलीचं दार मात्र स्वयंपाकघरातून आहे. शेडमध्ये मी लग्नाच्या साउंडचे बॉक्स बनवतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. त्या दुपारी विसरवाडीच्या दोधूचे चार बॉक्स तयार झाले होते. नवा स्पीकर आधी तासभर वाजवून मोकळा करावा लागतो. त्याचा कागद ताठ असतो, तो सैल होतो. म्हणून मी अडीचला गाणं लावलं आणि पावणेचारला बंद केलं. मग चहा टाकायला आत गेलो आणि खोलीत डोकावलो.

रंजना, माझी बायको, वर्षभर फुप्फुसाच्या दुखण्याने खाटेवर होती. तोंड दाराकडे होतं. एक हात खाटेच्या बाहेर होता, उशाच्या तांब्याच्या दिशेने. तांब्या भरलेला होता.

शेजारच्या अनुसयाबाई आल्या, लोक आले. सगळ्यांनी एकच विचारलं, तिने हाक मारली नाही का? मी सगळ्यांना एकच सांगितलं. गाणं चालू होतं, काही ऐकू आलं नाही.

सुरतेहून भूमिका आली, माझी मुलगी. तिलाही तेच सांगितलं. त्या दिवसापासून मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की रंजनाने हाक मारली होती का.

तेराव्यानंतर बायकांनी खोली धुतली. तांब्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मी खोलीचं दार लावून घेतलं. खाट आतच राहिली.

पेटीचं असं झालं. दिवाळीत भूमिकाने आईच्या मोबाइलमध्ये एक गेम टाकून दिला होता, वेळ जावा म्हणून. एक बाई रिकाम्या गावातून आपली माणसं शोधत चालते. गावात जागोजागी एक लाकडी पेटी असते, तिला पितळेची दोन तोंडं. बाई पेटीजवळ बसली आणि बटण फिरवलं, की त्या जागेला पूर्वी जे ऐकू आलं असेल ते पेटीतून ऐकू येतं. रंजना पुढे खेळायचीच नाही. पेटीजवळ बाईला बसवायची आणि ऐकत पडायची.

एकदा म्हणाली, "अहो, मन्हासाठे अशी पेटी बनाडी द्या नं. खरी वाजनारी."

"बनाडी दिसू. लगीनसराई सरू दे."

"तुमनी लगीनसराई कधी सरस?" ती हसली, आणि मग बराच वेळ खोकली.

मार्चच्या शेवटी मी पेटी करायला घेतली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भूमिका माहेरी येणार होती, तिला द्यायची होती. तिने गेममधली चित्रं पाठवली. बारा एमएमचा प्लाय घेतला, वरून सागाची पट्टी मारली. आत चार इंची दोन स्पीकर, छोटा अॅम्प, बॅटरी आणि एक मेमरी कार्ड. कार्डावर गेममधलं एकच संगीत होतं, चाळीस सेकंदांचं. तोंडांसाठी पितळेचे दोन तांबे लागत होते. एक भांड्यांच्या फडताळात मिळाला. दुसरा त्याच मापाचा कुठेच नव्हता. शेवटी फळीवरचा, रंजनाच्या उशाचा घेतला. दोन्हींची बुडं ग्राइंडरने कापली.

बटण फिरवलं. संगीत वाजलं. चाळीस सेकंदांनी थांबलं आणि मागे बारीक घरघर राहिली. वायर सैल असेल म्हणून ती बदलली. घरघर राहिलीच. कान लावून ऐकलं तर ती घरघर नव्हती. कटर चालत होता, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

माझा कटर माझ्यासमोर बंद करून ठेवलेला होता.

वाटलं, कार्डावर जुनं काही असेल. कार्ड काढलं. आवाज येतच राहिला. पेटीत माईक नाही. ब्लूटूथ मी बसवलंच नव्हतं. रंजनाचा मोबाइल कपाटात होता, बॅटरी उतरून बंद पडलेला. तोही पाहून आलो.

पुढचे काही दिवस मी दुपारी काम थांबवून ऐकत बसायचो. कटर, हातोडी, पॉलिश पेपर, मधेच मी नाक शिंकरतोय. बाहेर पथारीवरच्या बायकांचं मिरच्यांचे देठ खुडताना चाललेलं बोलणं. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर. सगळं दबलेलं, भिंतीतून झिरपलेलं. आणि अगदी जवळ, तांब्याच्या तोंडातच असावा तसा, एक श्वास. चढताना अडकणारा. मधे मधे खोकला.

तो खोकला मी ओळखला. मग बाकीचंही समजलं. खाटेवर पडून शेड जसं ऐकू येईल, तसं पेटीत ऐकू येत होतं.

दोधू बॉक्सचं विचारायला आला. पेटी पाहून हसला.

"सुकलाल भाऊ, लगीनसराई तोंडवर उनी आन् तू खेळना डबा बनाडी ऱ्हायना?"

मी बटण फिरवलं. पेटीत कटर थांबला, मोटारसायकल आली, कुणीतरी खोलीच्या दाराशी येऊन मोठ्याने म्हणालं, "वहिनी, तुमना नवरा लाकूडना शे का मानूसना? बोलतच नही!" आणि अगदी जवळून रंजना बारीक हसली.

दोधूचा चेहरा उतरला. "हाऊ तर मन्हा आवाज शे."

"जानेवारीतला. तू ऑर्डर द्यायला आला होतास."

"तू रेकॉर्डिंग करी ठेयेल व्हतं?"

"नाही."

तो तांब्यांकडे पाहत राहिला. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, माले काम शे." बॉक्स न घेताच गेला. अजून फोन आलेला नाही.

पेटीतले दिवस मधलं मधलं गाळून पुढे सरकत होते. मला तारखा कळत होत्या, कारण काम माझंच होतं. हा प्रकाशा गावच्या लग्नाचा बॉक्स, ही खापर गावच्या पार्टीची टॉप, म्हणजे वर ठेवायचा बॉक्स. प्लाय कापताना वेगळा आवाज येतो, एमडीएफ कापताना वेगळा. मग दोधूचे चार बॉक्स सुरू झाले. पहिला, दुसरा, तिसरा.

पेटी फोडून टाकावी असंही वाटलं. पण मग हाकेचं कळलं नसतं.

तो मंगळवार आला तेव्हा मी दुपारी शेडचं शटर ओढून घेतलं आणि पेटीसमोर स्टुलावर बसलो.

आधी गाणं. भिंतीतून नुसता ढोल येत होता, धप धप. खाटेशेजारची चूळ टाकायची पितळी वाटी थरथरत असावी, तिची बारीक किणकिण. त्यात श्वास. अर्धा तास तसंच. हाक असली तरी या ढोलात मला शेडमध्ये ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला बरं वाटू लागलं. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

मग गाणं थांबलं.

मी विसरलो होतो. दुसरा बॉक्स जोडायला मी मधे वायर बदलली होती. दोन मिनिटं, जास्त नाही.

त्या शांततेत रंजना म्हणाली, "अहो, आयका नं."

आवाज मोठा नव्हता, पण भिंतीपलीकडे जाईल इतका होता.

आणि भिंतीपलीकडून माझा आवाज आला. तोंडात स्क्रू धरून बोलावं तसा. आमच्याकडे 'आलो' म्हणायला जे म्हणतात तेच.

"उनू, उनू."

लगेच ढोल सुरू झाला.

हे म्हटलेलं मला आठवत नाही. दिवसातून वीस वेळा म्हणत असेन. हात कामात असले की तोंड आपोआप म्हणायचं, आणि ती वाट पाहायची.

गाण्यात श्वास हरवला. पुढे तो आलाच नाही.

मला वाटलं पेटी आता थांबेल.

थांबली नाही. गाणं बंद झालं. दार वाजलं. मी विचारलं, "रंजना?" मग अनुसयाबाईंचं रडणं, माणसं, बाहेर बांबू बांधण्याचा आवाज. सगळं तिथूनच, खाटेवरून ऐकल्यासारखं. मग बादल्या, खराटे, खोली धुणाऱ्या बायका. मग दार लावल्याचा आवाज. मी ते लावलं तेव्हाचा, पण आतून ऐकू आलेला.

त्यानंतर शांतता. भिंतीपलीकडे पुन्हा कटर. ग्राइंडरवर पितळ कापल्याची किंचाळी.

खाटेवर कुणी नव्हतं आणि ऐकणं चालूच होतं.

परवा अनुसयाबाई येऊन सांगून गेल्या, "भाऊ, औंदा रंजनाबाईनी घागर भरनी शे. पह्यलं वरीस शे. खाट बाहेर काढा, खोली सारवी देसू." आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मी बरं म्हटलं. संध्याकाळी ते बोलणं पेटीत होतं. म्हणजे पेटी आजच्या दिवसापर्यंत आली होती.

काल दुपारी चारच्या सुमाराला मी पेटीची मागची फळी लावत होतो. आठ स्क्रूंपैकी सात बसले होते. बटण बंद होतं, बॅटरी बाजूला काढून ठेवलेली होती. आठवा स्क्रू माझ्या तोंडात होता.

"अहो, आयका नं."

माझं तोंड आपोआप बोललं.

"उनू."

क्षणभराने पेटीतून माझाच आवाज आला. दबका, भिंतीतून गेलेला.

उनू.

मग पेटीत खाटेची पट्टी करकरली. कुणीतरी दाराकडे कुशीवर वळलं.

उद्या आखाजी. आज दुपारच्या गाडीने भूमिका येतेय. घागर आणलेली आहे, ती भरायची आहे. आठवा स्क्रू तसाच राहिलाय. खोलीचं दार मी अजून उघडलेलं नाही.