बनुबाईच्या नावापुढचा शब्द

विनीत, तो मोबाईल ठेव खाली. अपेक्षा, तूबी बस गो. ही ऐकीव गोष्ट नाय, आमच्या भागोजीबरोबर घडलेली हाय.

पोलादपूरच्या वर आपली खाणवाडी. गावाचा इतिहास छापायचा ठरला. दगडाची खाण कधी लागली, तिच्यात कोण कोण मेलं, आन घराघराची वंशावळ. लिहायला भागोजी. अक्षर झकास, पण कणा नाय मेल्याला! यंदाच्या पौष अमावास्येला, संध्याकाळी पावणेआठला, कागदांची पिशवी घेऊन तो मोटारसायकलवर महाडच्या छापखान्याकडे निघाला.

त्याच सकाळी नाते गावाहून राजश्री आली होती. बनुबाईची पोर. बनुबाई खाणीत दरडीखाली गेली तेव्हा ही तीन महिन्यांची. भावकीनं उचलली आन मामाच्या दारात नेऊन टाकली. पुन्हा चौकशी नाय.

"भागोजीकाका, मला जमीन नको, कायच नको," ती म्हणाली. "आईच्या नावाखाली माझं नाव तेवढं लिवा."

आन ह्यानं काय लिवलं होतं? बनुबाई, नाऔलाद. म्हणजे पोटी मूलच नाय! जिती पोर समोर उभी, आन हा म्हणतो, "भावकीनं सांगितलंय, माझा नाइलाज हाय." आग लागो तुझ्या नाइलाजाला! मला अजून राग येतो रे.

असो. खाणीच्या वळणावर गाडी बंद पडली. किक मारतोय, मारतोय... नाय. मागनं बाईमाणूस बोललं, "काय लिवलंस रे?"

ह्याला वाटलं, राजश्रीच आली. "उद्या बघू गो," म्हणाला.

"वाच."

ह्यानं मागं बॅटरी मारली. रस्ता मोकळा.

"वाच..." आता कानापाशी.

कागद काढला.

"बनुबाई... नाऔ..."

पुढं तोंडच उघडेना.



मग गाडी आपसूक चालू झाली.

महाडला पोचला तेव्हा तोंड पांढरंफटक. छापखानेवाल्या फुरकाननं कागद उलगडला. "काका, काय सांडलंय ह्यावर?" वास घेतला. "दूध हाय."

भागोजीजवळ दूध कुठलं? बाकी कागद कोरडे. त्या एका शब्दावर तेवढा ओला डाग. फुरकाननं फडक्यानं पुसला. परत भरून आला. पुन्हा पुसला...

भागोजीनं पेन मागितलं. शब्द खोडला, खाली राजश्रीचं नाव लिहिलं. पुस्तक तसंच छापलं. येऊ दे भावकीला विचारायला, मी बसलोय इथं!

तो कागद फुरकानकडेच हाय. मी स्वतः बोट लावून बघितलंय. डाग अजून ओला हाय... आन कोमट.